मोंतेवेर्दीचं आठवं पुस्तक आणि रिनाल्दो आलेस्सान्द्रिनींची साथ

बरोक संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी असं विचारलं की बहुतेक जण विवाल्दीचे 'चार ऋतू' हातात देतात. माझं उत्तर वेगळं आहे. सतराव्या शतकातला इटालियन संगीतकार क्लाउदियो मोंतेवेर्दी, त्याच्या माद्रिगालांचं (म्हणजे कवितेला अनेक आवाजांसाठी लावलेल्या चालींचं) आठवं पुस्तक घ्या, आणि तेही रिनाल्दो आलेस्सान्द्रिनी व त्यांच्या 'कोंचेर्तो इतालियानो' या संचाने केलेलं. गाण्यातल्या शब्दावर ज्याचा जीव आहे अशा मराठी माणसाला यापेक्षा जवळचं युरोपीय संगीत सापडणं अवघड आहे.

मी नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करते. रंगमंचाच्या पुढ्यात बसायचं, एक डोळा नटाच्या ओठांवर ठेवायचा, तो श्वास कुठे घेतोय ते त्याच्याआधी ओळखायचं आणि त्याची जागा मोकळी सोडायची, हे आमचं काम. त्यामुळे कुठलंही गाणं लागलं की माझा कान आधी साथीकडे जातो. आलेस्सान्द्रिनी मला सापडले तेही तसेच. गाणारे उत्तम होतेच, पण त्यांच्या मागे कोणीतरी बसलं होतं आणि त्या माणसाला नेमकं कधी थांबायचं ते कळत होतं.

तो माणूस मुळात हार्पसिकॉर्डवादक. या वाद्याची यंत्रणा समजून घेतल्याशिवाय त्यांचं संचालन कळणार नाही, म्हणून जरा तपशिलात जाते. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकावर उभी असलेली लाकडी पट्टिका वर उचलली जाते. तिला एक बारीक नखी बसवलेली असते. ही नखी पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या दांडीची करत, आता बहुधा प्लास्टिकची असते. नखी तार छेडते, आणि पट्टी सोडली की तारेला न छेडता खाली उतरते, वर लावलेला कापडाचा तुकडा तारेवर टेकतो, सूर बंद. आता गंमत अशी की पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात आपटा, तार तेवढ्याच आवाजात वाजते. आमच्या पायपेटीत निदान पायाने भाता भरून आवाज फुगवता येतो, दबवता येतो. इथे तीही सोय नाही. मग वादकाने भाव आणायचा कशातून? फक्त वेळेतून. सूर केसभर उशिरा द्यायचा, सुरांचा गुच्छ एकदम न वाजवता एकामागून एक उलगडायचा, कधी दोनच सूर द्यायचे तर कधी दोन्ही हात भरून. ज्याने आयुष्यभर या वाद्यावर बोटं चालवली त्याला क्षणाची किंमत कळते. आलेस्सान्द्रिनींनी हेच शहाणपण गायकांच्या संचाला दिलं, असं माझं ठाम मत आहे.

त्यांचा जन्म १९६० सालचा, रोमचा. याच शहरात १६०८ पासून सेंट पीटर्सच्या चर्चमध्ये जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी ऑर्गन वाजवत होता. त्याचं तोकाता या वादनप्रकाराचं पुस्तक १६१५ साली रोममध्येच छापलं गेलं. त्याच्या प्रस्तावनेत तो वादकाला सांगतो की हे मोजून मापून वाजवू नकोस. नव्या माद्रिगालांमध्ये करतात तसं कर, कधी रेंगाळ, कधी धाव, कधी हवेत थांबून राहा, शब्दांतला भाव नेईल तिकडे जा. म्हणजे कळफलकावर वाजवणाऱ्यालाही आदर्श दिला तो गाणाऱ्याचा. आलेस्सान्द्रिनींनी फ्रेस्कोबाल्दी पुष्कळ वाजवला आहे, आणि तो ऐकल्यावर त्यांचा मोंतेवेर्दी ऐकला की दोन्हींमागे एकच हात आहे हे लगेच लक्षात येतं.

'कोंचेर्तो इतालियानो' त्यांनी १९८४ मध्ये उभं केलं. पहिला प्रयोग रोममध्येच, कावाल्लीच्या 'ला कालिस्तो' या ऑपेराचा. त्या काळात मोंतेवेर्दीच्या माद्रिगालांची सर्वात नावाजलेली ध्वनिमुद्रणं इंग्रज गायकांची होती. स्वच्छ, काचेसारखे आवाज, सूर अगदी जागच्या जागी. ती वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, 'कन्सॉर्ट ऑफ म्युझिक'च्या सीडी आजही माझ्या कपाटात आहेत. पण ज्याच्या तोंडात ती भाषा लहानपणापासून आहे तो 'ओहिमे' (हाय रे) म्हणतो तेव्हा त्याचं दुखणं कळायला शब्दकोश लागत नाही. शब्दफेक शिकवता येते ती एका मर्यादेपर्यंतच. आपल्याकडे एखादं पद सुरेल गाणारे कितीतरी असतात, पण शब्द श्रोत्याच्या अंगावर येतो तो मोजक्यांच्याच तोंडून. आलेस्सान्द्रिनींनी इटालियन गायक निवडले आणि त्यांना आधी कविता बोलायला लावली असावी, असंच ऐकताना वाटतं. रोस्साना बेर्तिनी, क्लाउदियो काविना, ज्युसेप्पे मालेत्तो, दानिएले कार्नोविच हे त्या पहिल्या पिढीतले आवाज. काविनांनी पुढे स्वतःचा 'ला वेनेक्सियाना' हा संच चालवला, त्यावरून त्या खोलीत काय तोलामोलाची माणसं जमली होती ते ध्यानात येईल.

ध्वनिमुद्रणं केली ती पॅरिसच्या 'ओपस १११' या कंपनीने, जी नंतर 'नाईव्ह'मध्ये सामावली गेली. चौथ्या पुस्तकाच्या सीडीला १९९४ मध्ये 'ग्रामोफोन' मासिकाचा पुरस्कार मिळाला, आठव्याला १९९८ मध्ये.

चौथं पुस्तक १६०३ चं. त्यात वाद्य नाही, फक्त पाच माणसं. तीन वर्षं आधी आर्तुसी नावाच्या शास्त्रीबुवांनी मोंतेवेर्दीवर जाहीर टीका केली होती की हा नियम मोडून विसंवादी सूर वापरतो. त्याचं उत्तर पुढे मोंतेवेर्दीच्या भावाने १६०७ मध्ये छापलं, की इथे शब्द मालकीण आहे, संगीताची दासी नाही. शब्दप्रधान गायकीची इतकी रोखठोक बाजू मी दुसरीकडे वाचलेली नाही. या सीडीतलं 'आह, दोलेन्ते पार्तिता' लावा. वरचे दोन आवाज एकाच सुरावर निघतात, आणि मग एकमेकांना घासत सुटे होतात. निरोपाची कविता आहे. त्या घासण्यात सीडीवरच्या गायिका सूर सौम्य करत नाहीत, तो काटा तसाच टोचू देतात. 'स्फोगावा कोन ले स्तेल्ले'मध्ये तर मोंतेवेर्दीने काही ओळींना लयच लिहिलेली नाही. एक सुरांचा गुच्छ आणि त्याखाली नुसती अक्षरं. पाच जणांनी ती एकत्र, बोलल्यासारखी म्हणायची. टाळ नाही, ताल नाही, हाताची खूण नाही, आणि तरी पाचही जण एकाच श्वासात सुटतात. हे जमायला माणसांनी किती काळ एकत्र बसावं लागतं हे साथीदारालाच कळेल.

आता आठवं पुस्तक. १६३८ साली व्हेनिसमध्ये छापलेलं, तेव्हा मोंतेवेर्दीने सत्तरी ओलांडली होती आणि सान मार्को चर्चच्या संगीताची धुरा त्याने १६१३ पासून सांभाळली होती. नाव 'युद्धाची आणि प्रेमाची माद्रिगालं'. इथे व्हायोलिनं आली, थिऑर्बो हे लांब मानेचं तारवाद्य आलं, हार्पसिकॉर्ड आलं, आणि मुख्य म्हणजे ज्याला बासो कोंतिनुओ म्हणतात ती साथ आली. या साथीत वादकाला फक्त खालच्या सुरांची एक ओळ लिहून मिळते. वर कुठले सूर भरायचे, किती भरायचे, कधी गप्प बसायचं, सगळं त्याच्यावर. कधी ओळीवर आकडे असतात, मोंतेवेर्दीच्या काळात तेही फारसे नसतात. आमच्या कामाशी याचं इतकं साम्य आहे की मला ते कळायला वेळ लागला नाही.

पहिल्यांदा 'होर के'ल चेल ए ला तेर्रा' ऐका. पेत्रार्कची कविता, आकाश आणि पृथ्वी आणि वारा गप्प झाले आहेत असं तिचं पहिलं कडवं. सहाही आवाज खालच्या पट्टीत, एकाच सुरांच्या गुच्छावर, हलतच नाहीत. बारा-पंधरा सेकंद काही घडत नाही असं वाटतं. मग 'जागा आहे, विचार करतो, जळतो, रडतो' हे चार शब्द येतात आणि संच चढत जातो, प्रत्येक शब्दामागे थोडं थांबून. बऱ्याच गटांना इथे घाई होते. आलेस्सान्द्रिनी त्या चार शब्दांमधली शांतता पूर्ण वाजू देतात.

'कोंबात्तिमेंतो दि तांक्रेदी ए क्लोरिंदा' ही या पुस्तकातली सर्वात प्रसिद्ध रचना. तास्सो या इटालियन कवीच्या महाकाव्यातला प्रसंग आहे. क्रुसेडमधला योद्धा तांक्रेदी रात्री चिलखतातल्या शत्रूशी लढतो, त्याला घायाळ करतो, आणि शिरस्त्राण काढल्यावर दिसते ती क्लोरिंदा, जिच्यावर त्याचं प्रेम आहे. पहिला प्रयोग १६२४ च्या कार्निव्हलमध्ये व्हेनिसला, मोचेनिगो घराण्याच्या वाड्यात झाला. बहुतेक सगळं गाणं एका निवेदकाचं आहे, आणि आपल्याकडे आख्यान ऐकत वाढलेल्या माणसाला तो निवेदक परका वाटणार नाही. लढाईचा क्रोध दाखवण्यासाठी मोंतेवेर्दीने एकच सूर भराभर सोळा वेळा घासायला लावला. प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलं आहे की सुरुवातीला वादकांना, त्यातही कोंतिनुओ वाजवणाऱ्यांना, हे हास्यास्पद वाटलं आणि ते सोळाच्या जागी एकदाच वाजवून मोकळे व्हायचे. कंटाळलेला साथीदार सतराव्या शतकातही असाच होता, हे वाचून मला बरं वाटलं. आणि एका ठिकाणी तो वादकांना गज बाजूला ठेवून दोन बोटांनी तारा ओढायला सांगतो. तलवारीच्या मुठी आणि शिरस्त्राणं एकमेकांवर आदळतात ती जागा. सीडीवर हा आवाज कोरडा, जवळून मारल्यासारखा येतो. त्यानंतर दोघं थकून तलवारींवर टेकतात, तिथे सगळं वादन जवळजवळ थांबतं. शेवटी क्लोरिंदा म्हणते की स्वर्ग उघडतोय, मी शांततेत जाते. अखेरच्या सुरासाठी गज विरत विरत न्यावा अशी सूचना आहे, आणि इथे ती खरोखर पाळली आहे.

पण माझ्या लेखी या पुस्तकाचा प्राण 'लामेंतो देल्ला निन्फा' आहे. सोडून गेलेल्या प्रियकरासाठी एक तरुणी रडते आहे, शेजारी तीन पुरुष, दोन टेनर म्हणजे वरच्या पट्टीचे आणि एक बास म्हणजे खर्जातला, तिच्याकडे बघून 'बिचारी' म्हणताहेत. खाली साथीला चारच सूर. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, कोमल नी, कोमल ध, पंचम. हेच चार, उतरत्या क्रमाने, ३४ वेळा. त्यात बदल नाही. मोंतेवेर्दीने छापताना सूचना दिली आहे की पुरुषांनी हाताच्या तालात गावं, आणि तरुणीने मनातल्या भावाच्या वेळेने, हाताच्या नव्हे. म्हणून तिची ओळ त्या चार सुरांच्या चौकटीत कधीच नीट बसत नाही, आधी तरी संपते नाहीतर पुढच्या फेरीत ओघळते. माझ्याबरोबर प्रयोगाला तबला वाजवणाऱ्या एका मुलाला मी हे ऐकवलं. तो मांडीवर बोटं धरून बसला, तीन-चार आवर्तनांनी म्हणाला, "ताई, ठेका तर बिनचूक चाललाय, पण या बाई समेवर येतच नाहीत!" मी म्हटलं, "ऐकत राहा, येणारही नाहीत." मग पूर्ण संपेपर्यंत तो काही बोलला नाही, आणि लगेच पुन्हा लाव म्हणाला.

साथीदाराची खरी परीक्षा याच रचनेत आहे. चार सूर ३४ वेळा वाजवायचे म्हणजे दोन मोह होतात. एक, दर वेळी काहीतरी नवीन करून दाखवायचं. दुसरा, गाणारी मागे रेंगाळली की तिच्यासाठी आपणही थांबायचं. आलेस्सान्द्रिनी दोन्ही टाळतात. खालची चाल सरळ जात राहते, म्हणूनच वरचं रेंगाळणं ऐकू येतं. साथ तिच्याबरोबर ढिली झाली असती तर तिचं दुःख नुसतं संथ झालं असतं. इथे ते अडलेलं वाटतं, तिला पुढे जायचं नाही आणि काळ मात्र चालला आहे.

दोष सांगायचे तर काही आहेत. युद्धाच्या माद्रिगालांत पुरुषांचे आवाज कधी कधी फार करकरीत लागतात. मोठ्या स्पीकरवर ऐकलं तर टेनरचा घसा ताणल्याचं जाणवतं. काही जागी साथीत छेडलेल्या तारांची गर्दी होते, तिथे एक वाद्य कमी चाललं असतं. पण कवितेचा शब्द कुठेच बुडत नाही, आणि माझ्यासाठी तो सौदा फायद्याचा आहे.

मोंतेवेर्दीच्या 'ओर्फेओ' या ऑपेराला २००७ मध्ये ४०० वर्षं झाली तेव्हा आलेस्सान्द्रिनींनी त्याचंही ध्वनिमुद्रण आणलं. फुरियो झानासी ओर्फेओ आहेत. सारा मिंगार्दोंचा भारदस्त, खालचा आवाज असलेला संच मला कुठलाही चालतो, हा तर मुळातच चांगला आहे. पुढे मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात रॉबर्ट विल्सन या दिग्दर्शकाबरोबर त्यांनी मोंतेवेर्दीचे आज उपलब्ध असलेले तिन्ही ऑपेरे एकामागून एक केले, 'ओर्फेओ' २००९ मध्ये. त्याची डीव्हीडी आहे. विल्सनची माणसं चित्रासारखी उभी असतात, निळ्या उजेडात, फार कमी हलतात. मला ते दिसायला सुंदर आणि मनाला थंड वाटलं. डोळे मिटून ऐकते तेव्हा जास्त आवडतं.

विवाल्दीकडे येते, कारण आलेस्सान्द्रिनींचं नाव पुष्कळांनी त्यामुळेच ऐकलेलं असतं. विवाल्दीची जवळपास ४५० हस्तलिखितं तोरिनोच्या राष्ट्रीय विद्यापीठ ग्रंथालयात आहेत. १९२७ आणि १९३० मध्ये ती दोन हप्त्यांत विकत घेतली गेली, आणि पैसे दिले ते दोन बापांनी. एक शेअर दलाल रोबेर्तो फोआ, दुसरे कापड उद्योजक फिलिप्पो जोर्दानो. दोघांचीही लहान मुलं गेली होती. म्हणून त्या संग्रहांना आजही त्या मुलांची नावं आहेत, माउरो फोआ आणि रेन्झो जोर्दानो. संगीतशास्त्रज्ञ आल्बेर्तो बास्सो यांच्या कल्पनेतून हा सगळा ठेवा ध्वनिमुद्रित करण्याचं काम सुरू झालं आणि 'नाईव्ह'ने ते चालवलं. त्यातला 'लोलिंपियादे' हा ऑपेरा आलेस्सान्द्रिनींनी केला. १७३४ ची रचना. ऑपेराचे आठ-दहा मिनिटांचे तुकडे ऐकून कंटाळणाऱ्यांनीही हा ऐकावा, कारण दोन गाण्यांच्या मधलं गद्यासारखं बोलगाणं इथे खरंच संवादासारखं चालतं, आणि त्याला जिवंत ठेवतो तो हार्पसिकॉर्ड. वाक्य संपायच्या आत साथीचा सूर येतो, प्रश्नावर येत नाही, शिवी दिली की आपटून येतो.

त्यांच्या 'चार ऋतूं'बद्दल मात्र मी तेवढी उत्साही नाही. गडगडाट आणि बर्फाचे फटके इतके ठासून आहेत की तिसऱ्यांदा ऐकताना मी आधीच सावध होते. तिथे शब्द नाहीत, कदाचित म्हणून. बाखचे 'ब्रांडेनबुर्ग' कोंचेर्तो २००५ मध्ये आले, त्यातला पाचवा घ्यावा. पहिल्या भागाच्या शेवटी हार्पसिकॉर्डला ६५ मापांचं, म्हणजे तालाच्या ६५ आवर्तनांएवढं, एकट्याचं वादन आहे. एरवी साथीला बसलेलं वाद्य तिथे अचानक पुढे येतं आणि सगळा संच त्याचं ऐकत गप्प राहतो. माझ्यासारखीला ही जागा का भावते ते सांगायला नको.

खरेदीविषयी. हे सगळं गाण्याच्या ॲपवर मिळतं, पण दोन अडचणी आहेत. एक, कविता आणि तिचं भाषांतर ॲपवर बहुधा दिसत नाही, आणि कवितेशिवाय हे संगीत अर्धंच हाती लागतं. दोन, 'लामेंतो' तीन तुकड्यांत विभागलेलं असतं आणि काही ॲपवर तुकड्यांच्या मध्ये क्षणभर आवाज तुटतो. पुरुषांचं निवेदन संपून तरुणीचा पहिला सूर लागतो नेमकी तीच जागा. फोनच्या सेटिंगमध्ये सलग वाजवण्याची सोय असेल तर ती आधी चालू करा. सीडी घेणार असाल तर जुन्या 'ओपस १११'च्या प्रती सोबतच्या पुस्तिकेसह मागा. मी एका विक्रेत्याकडून वापरलेली प्रत मागवली तर पुस्तिकाच नव्हती, विचारल्यावर 'सीडी तर वाजतेय ना' असं उत्तर आलं. 'नाईव्ह'ने पुन्हा काढलेल्या पेटीसंचांत पुस्तिका किती पूर्ण आहे तेही घेण्याआधी विचारून घ्या.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याने हेडफोन लावून आधी 'लामेंतो' ऐकावं, मग 'होर के'ल चेल', आणि ते आवडलं तर चौथ्या पुस्तकाकडे मागे जावं. 'कोंबात्तिमेंतो' वीस मिनिटांच्या आसपास आहे, ते कविता समोर ठेवूनच लावा. २०१७ ची 'नाइट' ही सीडी, ज्यात त्यांनी रात्रीच्या धाग्यावर मोंतेवेर्दीच्या रचना ओवल्या आहेत, ती नंतर घेतली तरी चालेल. नवे गायक आहेत, आवाज अधिक गोल आहेत, ध्वनिमुद्रणही जास्त मोकळं आहे. मी स्वतः मात्र १९९० च्या दशकातल्या त्या थोड्या खरखरीत आवाजांकडेच परत जाते, आणि शिकाऊ साथीदार घरी आले की त्यांना तेच ऐकवते.